कंपाउंडरकाकांस: ठकीचं सलाइन, ठकीचा खड्डा

सातारा

ती. कंपाउंडरकाकांस,
सा. न. वि. वि.

आमची म्हातारी मांजर ठकी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली ते तुम्हाला ठाऊकच आहे, खड्डा तुम्हीच आखून दिलात. आभार मानायला दवाखान्यात यावं तर तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र. साताऱ्यात म्हातारी मांजरं असलेली घरं काही कमी नाहीत, आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तेच तेच सांगून तुमचा घसा बसतो. तुम्ही शिकवलेलं जमेल तसं इथं उतरवलंय. चुकलं असेल तिथं कान धरा.

पहिले आभार बाटली बदलून आणायला लावलीत त्याचे. चिठ्ठीत कातडीखाली द्यायचं आरएल (रिंगर लॅक्टेट) लिहिलेलं, मेडिकलमधून आली डीएनएस. "सलाइन ते सलाइन" हा समज किती घरांत असेल कोण जाणे. डीएनएसमध्ये 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, असतं. शिरेतून ते चालतं, पण कातडीखाली सोडलं तर आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतं, जागा ठणकते, गळू व्हायची भीती असते. आरएलमधले क्षार रक्तातल्या पाण्याच्या जवळचे असल्यामुळे ते गुपचूप मुरतं. लेबल वाचल्याशिवाय बाटलीला सुई लावायची नाही, हा तुमचा पहिला नियम.

दुसरा नियम सुईचा. बारीक सुई कमी दुखेल म्हणून लोक निळी, तेवीस नंबरची मागतात. तुम्ही गुलाबी, अठरा नंबरची दिलीत. टोचताना ती जरा जास्त कळते खरी, पण 100 मिली पाच-सात मिनिटांत जातं. निळीतून तेच पाणी जाईपर्यंत मांजराचा धीर सुटतो, ते उसळतं, सुई निघते आणि पुन्हा टोचावं लागतं. एका जाड सुईपेक्षा दोन बारीक सुया वाईट. बाटली खिडकीच्या गजाला, मांजरापासून तीन-चार फूट उंच. टोचण्याआधी पातेल्यातल्या कढत पाण्यात ठेवून कोमट करायची आणि दोन थेंब मनगटावर टाकून बघायचे, बाळाच्या दुधासारखे. मांजराचं अंग मुळात 38 ते 39 अंशांचं, त्याला आपल्या खोलीतलं पाणीसुद्धा गार लागतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र नाही. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतलं काही पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

टोचायची जागा दोन खांद्यांच्या मधली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी कातडी उचलली की तिचा तंबू होतो. सुईचं तिरपं कापलेलं तोंड वर ठेवून तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर शिरायचं. तुमचं बोट आमच्या बोटावर ठेवून तुम्ही तो "टच्च" जाणवून दिलात. कातडी पार झाली की हाताला एकदम मोकळं लागतं. तिथं थांबायचं. पुढं दाबलं तर सुई दुसऱ्या बाजूनं बाहेर येते आणि पाणी केसांतून गळतं, आपल्याला वाटतं आत चाललंय. म्हणून दुसरा हात कायम तंबूच्या पलीकडे, ओल लागते का बघायला. नळीतली हवा आधी काढायची. चुकून एखादा बुडबुडा कातडीखाली गेला तर घाबरायचं कारण नाही, तो शिरेत गेलेला नाही. दाबल्यावर कुरकुरतो आणि जिरतो.

सलाइन झाल्यावर खांद्यावर लिंबाएवढी गाठ येते. ती ओघळून पुढच्या एका पायात उतरते आणि मांजर लंगडल्यासारखं चालतं. ही तक्रार घेऊन धावत येणारे तुमच्याकडे रोज दोन तरी असतील. सहा-आठ तासांत ती मुरायला हवी. दुसऱ्या दिवशीच्या वेळेपर्यंतही मुरली नसेल तर त्या दिवशीचं सलाइन द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तसंच झोपेतला श्वास मोजायचा: पोट एकदा वर-खाली झालं की एक. मिनिटाला तीसच्या आत असला तर ठीक. त्याच्यावर राहू लागला तर हृदयाला पाणी झेपत नाहीये, आणि अशा वेळी चांगल्या मनानं दिलेलं सलाइनच जीव घेतं. दर वेळी नवी सुई. 500ची बाटली पाच दिवसांची. गढूळ दिसली तर आधीच टाकून द्यायची.

वजनाबद्दलही आभार मानलेच पाहिजेत. माणसानं मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, हे तुम्ही हसण्यावारी नेलंत. तीन किलोच्या मांजरात 100 ग्रॅम घटले म्हणजे साठ किलोच्या माणसात दोन किलो. तो फरक वाण्याच्या काट्यावरच दिसतो. दर रविवारी, खायच्या आधी. क्रिएटिनीन (मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं रिपोर्टमध्ये दिसतं तोवर मूत्रपिंडाचं तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं, त्यामुळे काट्यावरचा आकडा आणि ट्रेमधले लघवीनं झालेले रेतीचे वाढलेले गोळे हे आधी सांगतात.

खाण्याचं थोडक्यात. सुकट बंद, मीठ आणि काट्यांमधलं फॉस्फरस दोन्ही मूत्रपिंडाला जड. मांजर वाटीपाशी येतं, हुंगतं आणि तोंड फिरवतं, तेव्हा ते नखरे करत नाही, त्याला मळमळतंय. तोंडाला अमोनियासारखा वास येतो, जिभेच्या कडेला फोड असतात. अन्न कोमट केलं तर वास उठतो आणि दोन घास जातात. आणि पॅरासिटामॉल! अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते. अंग तापलं म्हणून घरातल्या पानातली गोळी दिली की हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं. हे तुम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, तरी लोक देतातच.

शेवटाबद्दल तुम्ही जे बोललात ते फार कुणी बोलत नाही. मांजर न्हाणीघराच्या गार फरशीवर जाऊन बसू लागलं, मान उचलेना, केस चाटायचं सोडलं, की कोपरा बदलून द्यायचा नाही, तिथंच गोणपाट घालायचं. सिरिंजनं तोंडात पाणी ढकलायचं नाही, आडव्या मांजराच्या ते फुप्फुसात जातं. कापूस भिजवून ओठ ओले करायचे. घुरघुरतंय म्हणजे सुखात आहे असं समजायचं नाही; मांजर दुखण्यातही घुरघुरतं.

आणि काशीचा प्रश्न. आपल्याकडे ज्याच्या हातून मांजर मरतं त्याला काशी करावी लागते, हे लहानपणापासून कानावर असतं. त्या भीतीनं कितीतरी घरं मांजराला आठ-आठ दिवस तडफडू देतात आणि त्याला नैसर्गिक मरण म्हणतात. ठकीला सुखानं मरण द्यायच्या इंजेक्शनच्या आधी तुम्ही एवढंच म्हणालात, "काशीला मी जाईन, तुम्ही डोकं धरा." मग काय काय होणार ते आधीच सांगितलंत. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, दहाएक मिनिटं शांतपणे थांबायचं. दुसरं शिरेतून; अंगातलं पाणी आटलेल्या मांजराची शीर लवकर सापडत नाही, त्याला डॉक्टरांचा दोष नाही. डोळे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एक-दोन उचक्या येतात, लघवी होते. हे आधी माहीत नसेल तर बघणाऱ्याला वाटतं, अजून जिवंत आहे आणि आपण काहीतरी भयंकर केलं.

नंतरची घाई कशासाठी तेही तुमच्यामुळेच कळलं. दोन-तीन तासांत अंग आखडायला लागतं, आधी जबडा. त्याआधी पाय पोटाशी, शेपूट नाकाशी, झोपल्यासारखं वळवून घ्यायचं. नंतर जोर लावायचा नाही. शेपटीखाली कापूस. वर जुनी सुती साडी, प्लास्टिकची पिशवी नको. पिशवीत माती लागत नाही आणि सगळं वर्षानुवर्षं तसंच सडत राहतं. रात्र काढायची असेल तर पोटाखाली बर्फाची पिशवी आणि वर पंखा.

खड्डा तीन फूट, माती दाबून झाल्यावरचा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर दीड फुटाला मुरूम लागतो आणि कुदळ वाजायला लागते. तिथंच बहुतेक लोक थांबतात, आणि तिसऱ्या रात्री भटकी कुत्री उकरतात. तुम्ही पहार मागवलीत. इंजेक्शन दिलेल्या मांजराच्या अंगात ते औषध तसंच राहतं, ते खाणारं कुत्रंही मरतं. म्हणून उकिरड्यावर किंवा नदीत टाकणं हा दुहेरी गुन्हा. आड, बोअर यांच्यापासून पन्नास फूट लांब. आमच्या सांगलीच्या पाहुण्यांनाही तुमचा सल्ला कळवलाय: कृष्णाकाठच्या काळ्या मातीत नदीलगत पुरायचं नाही. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45वर धोका, आणि त्याच्या आधीच काठ धुपायला लागतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वास थेट वर येतो. जागा उंचावरची, नाहीतर ओळखीच्याचा मळा.

दोन किलो खडेमीठ आणलेलं तुम्ही परत पाठवलंत. मिठानं लोणचं टिकतं, मग मांजर मातीत कसं मिसळेल? चुनाही नको, वास दबतो पण काम लांबतं. खाली पालापाचोळा, वर माती, दर वीतभर थराला पायानं दाबून. वर सहा इंच उंचवटा, कारण आषाढात माती बसते आणि खळगा पडतो. त्यावर फरशीचे तुकडे. प्राजक्त लावायचा तर एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि थोडा बाजूला लावायचा.

घरातल्या दुसऱ्या मांजराला, बोक्याला, तुम्ही ठकीचा वास घेऊ दिलात. तो चार दिवस ओरडत फिरला, आता जेवतोय. नवं पिल्लू कधी आणावं हे विचारणाऱ्यांसाठी: मूत्रपिंडानं गेलेल्याच्या जागी कधीही. कॅट डिस्टेंपरनं गेलेल्याच्या जागी नाही. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो, फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचनं पुसायचं, आणि येणाऱ्या पिल्लाचं लसीकरण आधी पुरं करायचं.

या पत्राबरोबर आरएलच्या तीन बंद बाटल्या पाठवतोय, मुदत अजून आहे, ज्याला परवडत नाही त्याला द्या. वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकल्या नाहीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलंय, तीही याच पिशवीत आहे. पहार शेजारच्यांची होती, धुऊन पोचती केली.

आपले,
ठकीच्या घरचे