एफडी मोडण्याआधी, ताईच्या वकिलाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, ताईच्या घटस्फोटाच्या केससाठी एफडी मोडायची घाई करू नका. आधी वकील ठरू दे.

आपल्या नेहमीच्या वकीलसाहेबांकडे मात्र नको. माणूस सज्जन आहे, पण दाजींच्या घरची खातेफोड, म्हणजे जमिनीची वाटणी, त्यांनीच केली आहे. उद्या त्याच जमिनीचं उत्पन्न कोर्टापुढे काढायची वेळ आली की पंचाईत त्यांची आणि नुकसान ताईचं. शिवाय घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. आपल्या तालुक्याला कनिष्ठ स्तराचंच कोर्ट आहे, म्हणजे जिल्ह्याला जाणं आलंच. मग तिथलाच वकील घ्या; दर तारखेचा त्याचा गाडीखर्च वाचेल आणि गावात चर्चाही कमी होईल. ताई तुमच्याकडे राहते, तेव्हा अर्ज आपल्याच जिल्ह्यात करता येतो. दाजींच्या गावी खेटे घालायला नकोत.

ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने केसेस दिसतात. लग्नाचे किती अर्ज निकाली निघाले आणि किती नुसत्या तारखांवर लोंबकळत आहेत, ते बघा. भेटीत विचारा, ‘उलटतपास तुम्ही स्वतः घेणार की ज्युनिअर?’

फी एकरकमी ठरवा, पण टप्प्याने द्या: अर्ज दाखल झाल्यावर, पुरावा सुरू होताना आणि युक्तिवादाच्या वेळी. ‘दर तारखेला इतके’ असं ठरवलंत तर तारखा वाढण्यात कुणाचं हित, ते तुम्हीच ओळखा. टायपिंग, नोटरी त्यात धरली आहे का, हे कागदावर घ्या, आणि दिलेल्या पैशांची पावती. मिळणाऱ्या पोटगीत टक्का मागणारा दिसला की उठून या. वकिलांना तशी फी घ्यायला मनाई आहे. पुढे वकील बदलावा लागला, तर थकलेल्या फीसाठी त्याला कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत.

आई, तालुका विधी सेवा समितीचं नाव काढलं की तू ‘ते गोरगरिबांचं’ म्हणतेस. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. त्या वकिलाने पक्षकाराकडून वर पैसे घ्यायचे नसतात. खोट एवढीच की मानधन कमी, म्हणून काहीजण ढिलाई करतात. तसं झालं तर वकील बदलून मागता येतो. माहितीसाठी 15100 वर फोन करा.

घटस्फोटाच्या अर्जासोबतच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अर्ज द्यायला सांगा. त्यात अंतरिम, म्हणजे केस चालू असेपर्यंतची, पोटगी आणि कोर्टाचा खर्च दाजींकडून मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी द्यायचा. दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात दाजी शेती लपवतील, तेव्हा त्यांच्या गटांचे सातबारे आत्ताच ऑनलाइन काढून ठेवा.

मध्यस्थ ‘संमतीने मिटवू’ म्हणाले तर ऐका, पण दोन्हीकडचा वकील एकच नको. एकरकमी पोटगीचा डीडी कोर्टासमोर हातात पडल्याशिवाय ताईने बाकीचे अर्ज मागे घेऊ नयेत.

ताईचं आधार, लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो आणि पासबुक एका पिशवीत घालून समितीच्या कार्यालयात न्या. ते कोर्टाच्या आवारातच आहे. वकीलपत्र नीट वाचूनच सही, आणि कोऱ्या कागदावर तर कुणी कितीही घाई केली तरी नाही.

तुमची,
मेधा