सगळेच वणवे वाईट नसतात

संपादक महोदय, स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या वणव्यांची बातमी आली की पेपरात नेहमीचंच, इतके एकर जंगल भस्मसात, आणि खाली आपली सगळ्यांची हळहळ. मोठे वणवे भयंकर असतात, घरं जातात, माणसं जातात, त्यात वादच नाही, पण सगळ्या आगी एकाच मापाने मोजू नका एवढंच सांगायला लिहितोय.

मी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात राहतो. इथल्या पाँडेरोसा पाइन या सूचिपर्णी झाडांच्या मोकळ्या जंगलात कोलोमिया ग्रँडिफ्लोरा नावाचं इथलंच एक रानफूल येतं. वर्षभराचं आयुष्य, बी टाकलं की झाड मेलं. शेंड्याला फिक्या केशरी फुलांचा गुच्छ, लांब नळीची फुलं, आणि जरा वाकून बघितलं तर आतले पराग चक्क निळे! फोटो टाकला तर लोकांना वाटतं एडिट केलाय. गंमत म्हणजे काही फुलं उघडतच नाहीत, आतल्या आत परागीभवन होऊन बी तयार, मधमाशी फिरकली नाही तरी अडत नाही. बी भिजलं की सब्जासारखं बुळबुळीत होतं. एवढी सगळी तयारी, पण वर ऊन पाहिजे, दाट सावलीत याचं काही चालत नाही.

आणि ते ऊन इथे खालच्या खाली सरकणाऱ्या हलक्या आगींमुळे मिळायचं. जुन्या पाइनची साल जाड, त्याला फारसं काही होत नाही, गवत आणि लहान रोपं तेवढी जळतात. इथले मूळ रहिवासी तर मुद्दाम आग लावायचे. मग 1910 मध्ये आयडाहो-मोंटाना या राज्यांत सुमारे 30 लाख एकर जळालं, सरकार घाबरलं, आणि 1935 मध्ये वनखात्याने फर्मान काढलं, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. हे धोरण 1970 च्या दशकापर्यंत चाललं. झालं काय, तर झाडांची गर्दी झाली, खाली पाइनच्या सुईसारख्या पानांचा जाड थर साचला, आणि आता पेटलं की थेट शेंड्यापर्यंत. आता तेच वनखातं झाडं विरळ करून स्वतःच हलकी आग लावतंय, तर लोक धुराच्या तक्रारी करतात (त्रास होतो हेही खरंच).

तर विनंती अशी की पुढच्या वेळी नुसते एकर छापू नका, आग जमिनीवरची होती की शेंड्यातली, तेही एका ओळीत सांगा.

आपला,
एक वाचक, ओरेगॉन