शकीरा कुठून ऐकावी

प्रिय अवी,

‘शकीरा म्हणजे वाका वाका आणि कंबर’ असं म्हणून तू तिला एका वाक्यात निकालात काढलंस, आणि खाली हळूच ‘तरी कुठून ऐकू ते सांग’ असंही लिहिलंस. तर सांगतो.

एक सूत्र धरून ऐक. तिची बरीचशी गाजलेली गाणी आधी दुसऱ्या कुठल्या तरी रूपात येऊन गेलेली आहेत. जुनं उसवायचं आणि नव्या मापाने शिवायचं, हे तिच्याइतकं चिकाटीने फार थोड्यांनी केलंय.

सुरुवातच आपटून झाली. कोलंबियातल्या बारांकियाची ही मुलगी (जन्म १९७७, वडिलांचं घराणं मूळचं लेबनॉनचं) चौदाव्या वर्षी पहिला अल्बम घेऊन आली. १९९१ चा तो आणि १९९३ चा दुसरा, दोन्ही पडले. ते तू सोड. मग एका संकलनात तिचं एक गाणं गेलं, ‘दोंदे एस्तास कोरासोन’. ते चाललं, आणि १९९५ च्या ‘पिएस देस्काल्सोस’मध्ये पुन्हा घेतलं गेलं. पुढच्या अल्बमच्या वेळी बोगोटाच्या विमानतळावर तिची बॅग चोरीला गेली, नव्या गाण्यांचे शब्द त्यातच होते. १९९८ च्या त्या अल्बमचं नाव मग ‘चोर कुठे आहेत?’ असंच ठेवलं.

त्यातलं ‘ओखोस आसी’ नीट ऐक. मध्ये अरबी ओळी येतात. लगेच २००१ च्या ‘लाँड्री सर्व्हिस’मधला त्याचा इंग्रजी अवतार, ‘आयज लाइक युअर्स’, लाव. चाल तीच, पण स्पॅनिश शब्द बहुतेक स्वरावर संपतात, त्यामुळे तिचा तो थरथरता आवाज शेवटी मोकळा सुटतो. इंग्रजीत व्यंजन येऊन दार लावतं. तिने इंग्रजीत स्वतः लिहायचा हट्ट धरला तो बरोबरच होता, पण या गाण्यापुरतं स्पॅनिशच सरस. त्या अल्बममधली तेरापैकी चार गाणी तिने स्पॅनिशमध्येच ठेवली, हे विसरू नकोस. ‘व्हेनएव्हर, व्हेअरएव्हर’मध्ये तर अँडीज पर्वतातलं चारांगो (छोटं तंतुवाद्य) आणि बासरी आहे, इंग्रजी बाजारात शिरताना तिने ती झाकून ठेवली नाहीत.

आता ‘हिप्स डोन्ट लाय’. रॅपर वाइक्लेफ जाँने २००४ मध्ये एका सिनेमासाठी ‘डान्स लाइक धिस’ केलं होतं, ते फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही. त्याचाच सांगाडा घेऊन दोघांनी नवं गाणं बांधलं. सुरुवातीचे ट्रम्पेट १९९२ च्या जेरी रिवेराच्या साल्सातून (लॅटिन नाचगाण्यातून) उचललेले, म्हणून लॅटिन श्रोता पहिल्या दोन सेकंदांत ओळखीचं हसतो. गंमत म्हणजे ज्या अल्बममध्ये ते आज मिळतं, तो नोव्हेंबर २००५ मध्ये या गाण्याशिवायच बाजारात आला होता. विक्री अपेक्षेइतकी होईना, म्हणून २००६ मध्ये गाणं जोडून नवी आवृत्ती काढली. जूनमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्याच वर्षी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्यावरचा नाच आपल्या फराह खानने बसवला, आणि मार्च २००७ मध्ये बाई मुंबईत एमएमआरडीए मैदानावर गाऊन गेल्या.

तुझं ‘वाका वाका’ही (२०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचं गाणं) असंच. त्याचं धृपद कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सच्या १९८६ च्या ‘झांगालेवा’चं. उसनवारीत धोका हाच, की मूळ मालकाचं नाव मागे पडतं. म्हणून ‘वाका वाका’च्या आधी ‘झांगालेवा’ ऐक.

२०१७ मध्ये स्वरतंतूत रक्तस्राव झाला, दौरा पुढे ढकलावा लागला; जून २०१८ मध्ये हॅम्बुर्गमधून तो सुरू झाला. त्यानंतरचं अर्जेंटिनाच्या संगीतनिर्मात्या बिझारॅपबरोबरचं २०२३ चं गाणं तू ऐकलंच असशील, त्यावर गॉसिपच जास्त झालं.

पण पहिलं पाऊल यांतल्या कशावरही टाकू नकोस. न्यूयॉर्कला ऑगस्ट १९९९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ घे. त्यात ‘सिएगा, सोर्दोमुदा’ मेक्सिकन मारियाची (ट्रम्पेट-व्हायोलिनच्या लोकसंगीताच्या) ताफ्याबरोबर आहे. ते झालं की १९९८ चं मूळ. हेडफोन लावून, व्हिडिओ बंद ठेवून ऐक. कंबर नंतर बघ.

तुझा,
सुहास