आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एवढं करा : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई लागली की भुसावळातलं आमचं अख्खं घर एका कामाला जुंपलेलं असतं. मंगल कार्यालयात उरलेलं जेवण डब्यांत भरायचं आणि वीटभट्टीवर, झोपडपट्टीत पोचवायचं. पानातलं उष्टं घेत नाही. पातेल्यातलं, वाढायला न नेलेलंच घेतो. लेक डब्यावर पदार्थ आणि वेळ लिहिते, मुलगा रिक्षा गाठतो. आई पळी घालून वरण बघते. फेस दिसला, तार सुटली की ते पातेलं बाद. यजमान कितीही रुसो.

आमच्याकडची पंगत म्हणजे वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बुंदी. बट्टी आणि बुंदीला सांजेपर्यंत काही होत नाही. वरण-भाजीचं तसं नाही. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड ठेवायचं असतं, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ ला टेकतो. पंगत दुपारी उठते. आम्हाला फोन येतो भांडी घासायला काढल्यावर. तोवर निम्मं फेकायच्या लायकीचं झालेलं असतं. (ज्यांच्या घरचं लग्न, त्यांना त्या गडबडीत दोष तरी काय द्यायचा?)

उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे केंद्राचे नियम २०१९ चे, १ जुलै २०२० पासून लागू. वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी किंवा परवाना घ्यावा, डब्यावर तपशील लिहावा, नोंदी ठेवाव्यात, असं ते सांगतात. त्यात गैर काहीच नाही. बाधा झाली तर भोगणार वीटभट्टीवरचं पोरच. पण चार माणसांच्या घराने संस्था कुठून आणायची? मग आमच्यासारखे चोरून केल्यासारखं वाटत फिरतात, नाहीतर काम सोडून देतात.

म्हणून मागणं एवढंच. नगरपालिकेच्या नावाने एकच नोंदणी असावी आणि तिच्याखाली आमच्यासारख्या घरांना काम करता यावं. पालिकेच्या जागेत एक मोठा फ्रीज आणि वजनकाटा मिळावा. केटररला अन्न परवाना लागतोच. त्याच्याकडून एवढं लिहून घ्या की शेवटची पंगत बसतानाच तो न वाढलेल्या अन्नाची वर्दी देईल. आणि तुमच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना दंडाची पावती घेऊन नव्हे, तापमापक घेऊन एकदा आमच्यासोबत पाठवा. काय घ्यायचं, काय टाकायचं, हे त्यांनी आईला शिकवावं. तीही त्यांना चार गोष्टी शिकवेल.

सत्कार, शाल, श्रीफळ नको. आखाजीनंतर तिथी दाट आहेत, त्याआधी आदेश निघाला तर बरं.

कळावे,
भुसावळमधील एक कुटुंब