पंधरा अजिंक्यपदे आणि नाकारलेला परवाना

महोदय,

मुंबईतला एखादा फुटबॉल क्लब गुंडाळला गेला, की ‘प्रेक्षकच येत नाहीत’ हे कारण वाचकांच्या पत्रांत हमखास येते. प्रेक्षक कमी असतात हे खरेच. पण गाडी अडते ती बहुतेकदा हिशेबात आणि लीगमध्ये खेळण्याच्या परवान्यात. हे समजून घ्यायला लाटव्हियाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. युरोपातल्या या छोट्या देशाची लोकसंख्या साधारण आपल्या ठाणे शहराएवढी. त्यामुळे तिथल्या क्लबचे उत्पन्न कुठून येते आणि कुठे आटते, हे चटकन दिसते.

राजधानी रीगाचा स्कोंटो क्लब 1991 मध्ये उभा राहिला आणि 1991 ते 2004 सलग 14 वेळा देशाचा विजेता ठरला. 2010 मध्ये पंधरावे अजिंक्यपद मिळाले. याच क्लबचा मारियान्स पाहार्स 1999 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टनकडे गेला, पाठोपाठ 2000 मध्ये इगोर्स स्तेपानोव्स आर्सेनलकडे. 2004 च्या युरो स्पर्धेत जर्मनीला 0-0 असे रोखणाऱ्या लाटव्हियाच्या संघाचे प्रशिक्षक अलेक्सांद्र्स स्तारकोव्स हेही स्कोंटोचेच. पात्रतेसाठीचा तुर्कस्तानविरुद्धचा घरचा सामना स्कोंटोच्याच मैदानावर झाला होता आणि लाटव्हियाने तो 1-0 जिंकला होता.

आता पुढचे पाहा. 2015 च्या हंगामात स्कोंटो दुसऱ्या क्रमांकावर होता. तरीही 2016 साठी वरच्या श्रेणीचा, म्हणजे विर्सलीगाचा, परवाना आर्थिक कारणांवरून नाकारला गेला आणि क्लबला खालच्या श्रेणीत खेळावे लागले. (या श्रेणीचे नाव तेव्हा ‘पहिली लीग’ असले तरी उतरंडीत ती दुसरी, जुने तक्ते वाचताना इथे भलेभले फसतात.) 2016 च्याच डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर झाली. मैदानावर अपात्र ठरण्याजोगे काहीही घडले नव्हते.

परवाना दर हंगामाआधी नव्याने मिळवावा लागतो. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या चौकटीत मैदान, युवा संघ, प्रशिक्षकांची पात्रता, कायदेशीर कागदपत्रे आणि पैसा हे सारे तपासले जाते. छोट्या क्लबची दांडी उडते ती शेवटच्या मुद्द्यावर. लेखापरीक्षित हिशेब लागतातच, शिवाय खेळाडूंचे पगार, दुसऱ्या क्लबला द्यायचे हप्ते आणि करभरणा यांत मुदत उलटलेली थकबाकी चालत नाही. तिकीट आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने खर्च भागतो तो पुरस्कर्ता, खेळाडूंची विक्री आणि युरोपीय पात्रता फेरीतले पैसे यांवर. यातले दुसरे आणि तिसरे दरवर्षी मिळेल याचा भरवसा नाही, पगार मात्र दरमहा. एक वर्ष युरोपीय स्पर्धा हुकली की चांगला खेळाडू घाईने विकावा लागतो, मग संघ दुबळा होतो आणि पुढच्या वर्षीही ती हुकते.

पुरस्कर्ता एकच असला तर घसरण याहून वेगाने होते. लिएपाया या बंदराच्या शहरातला मेटालुर्ग्स हा पोलाद कारखान्याचा क्लब. स्कोंटोची मालिका त्यानेच 2005 मध्ये तोडली, 2009 मध्ये पुन्हा विजेता झाला. 2013 मध्ये कारखाना आर्थिक डबघाईला आला आणि क्लबही बंद पडला. 2014 मध्ये त्याच शहरात एफके लिएपाया हा नवा क्लब निघाला आणि 2015 मध्ये विजेताही झाला. गाव तेच असले, तरी हा वेगळा क्लब आहे. जुनी दोन अजिंक्यपदे त्याच्या खात्यात मिळवणे चूक. खालच्या श्रेणीतल्या कुठल्याही क्लबचा इतिहास लिहिताना आधी नोंदणीचे वर्ष पाहावे, नाव आणि मैदान नंतर.

मुंबईला हे परके नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, 2007 मध्ये निघालेला मुंबई एफसी दहा वर्षांत संपला. ही मोठी नावे निदान बातम्यांत तरी येतात. जिल्हा लीगच्या खालच्या गटातला वस्तीचा क्लब मात्र कुणाला न कळता नाहीसा होतो. असे बरेच क्लब 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करायचा असतो, तो राहून जातो. वर्षानुवर्षे कागदावर जुनेच, कधी कधी हयात नसलेले पदाधिकारी राहतात. मग बँक नव्या सह्या स्वीकारत नाही, खाते अडते आणि देणगी द्यायला तयार असलेला माणूसही धनादेश कुणाच्या नावाने काढायचा म्हणून थांबतो. लेखापरीक्षण न झाल्यास कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीचे दारही बंदच. हे सगळे नंतर निस्तरायला वकील लागतो, आणि त्याच्या शुल्कात चेंडू आणि जर्सींचा वर्षाचा खर्च निघाला असता.

म्हणून सूचना एवढीच, की जिल्हा संघटनेने प्रवेश अर्जासोबत मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि मंजूर झालेल्या शेवटच्या बदल अर्जाची प्रत मागावी, आणि ती सर्वात खालच्या गटापासून. पहिली दोन वर्षे कुणाला बाद करू नये, त्रुटी लेखी कळवाव्यात. वरच्या गटातल्या कंपन्यांच्या संघांकडे लेखा विभाग असतो, त्यांची काळजी त्यांचे ते घेतील.

— मुंबईतील काही फुटबॉल कार्यकर्ते, परळ