ताटाखालची भाकर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू आलीस तेव्हा ताट उचलताना मला त्याखाली भाकरीचे तीन तुकडे सापडले. ज्वारीची भाकर तुला लहानपणापासून आवडते, म्हणून ते तुकडे हातात घेऊन मी चुलीपाशी बराच वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या जाळीवर तुझ्या केसांचा गुंता होता आणि अंगणात उन्हात बसूनही तू शाल काढत नव्हतीस. मी रागावले, बळेच वरणभात वाढला आणि तू उठून गेलीस. ते माझे चुकले. त्याआधी एका लग्नात "पोरगी चांगली भरली अंगाने" असे बाया म्हणाल्या, तेव्हा मीही हसून मान डोलावली होती. तेही चुकलेच.

अंगणवाडीत मी इतकी वर्षे लाल, पिवळ्या, हिरव्या पट्टीने लेकरांचा दंडघेर मोजते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला की ते सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात गेले असे आम्ही धरतो आणि कोणालाही दोष न देता त्याला दवाखान्यात पाठवतो. तुझ्या वयाला तो आकडा लागू नाही, पण उपासमारीला शरीर जी उत्तरे देते ती बरीचशी सारखी असतात: अन्न कमी पडले की ते खर्च आवरते, हातपाय गार पडतात, केस गळतात, पाळी थांबते आणि हे लांबले तर हाडेही ठिसूळ होतात. पाळी तीन महिने आली नाही हे तू काकूला सांगितलेस, ते बरे केलेस.

घरात अन्न असून, भूक लागूनही, वजन वाढण्याच्या भीतीने घास घशाखाली उतरत नाही आणि वाळलेले अंगही आरशात जाडच दिसते, त्या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. बुलिमियात माणूस एका बैठकीत खूप खाऊन मग उलटी काढतो. वजन पुष्कळदा नेहमीइतकेच राहते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही, पण उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुला यांपैकी काही आहे की नाही हे मी ठरवणार नाही, ते डॉक्टर ठरवतील. हा हट्ट किंवा नखरा आहे असे मात्र मी यापुढे कोणालाही, तुझ्या बाबांनाही, म्हणू देणार नाही.

जेवणाऐवजी तू व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतेस असे म्हणालीस. जीवनसत्त्वे अन्नातली शक्ती शरीराला वापरू देतात, स्वतः शक्ती देत नाहीत. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणीने काय पेटणार? आणि लोहाची गरज बाईला जास्त असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये मोठ्या बाईसाठी रोज 29 मिलिग्रॅम आणि पुरुषासाठी 19 मिलिग्रॅम लोह सांगितले, तरी आपल्या गावात बाईच शेवटी आणि उरलेले जेवते, याची मला चीड येते. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह अंगी लागायला वरणावर लिंबू पिळावे किंवा सोबत संत्रे खावे, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. तू अंडी सोडलीस आणि दूधही घेत नाहीस, म्हणून बी-12 तपासायला सांग, कारण ते भाजीपाल्यात मिळत नाही.

हे पत्र वाचून एकदम पोटभर जेवायला मात्र बसू नकोस. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेले तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने खाली येते, थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडते आणि जिवावर बेतू शकते. म्हणूनच दवाखान्यात भरती केलेल्या सॅमच्या लेकराला सुरुवातीला एफ-75 नावाचे हलके दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी देतात आणि ते सावरल्यावरच एफ-100 या जास्त ताकदीच्या दुधावर नेतात. लेकराला भरपूर खाऊ घालण्यासाठी हट्ट धरणाऱ्या कितीतरी आयांना मी हे समजावले आहे, आणि दिवाळीत मात्र मीच तुझ्या ताटात वाढत सुटले होते.

कापसाचा वेचा चालू आहे, पण बाबा सांभाळतील. सोमवारी सकाळच्या एसटीने मी नागपूरला येते. आपण दोघी दवाखान्यात जाऊ, रक्त तपासू आणि मनाच्या डॉक्टरांनाही भेटू. त्याआधी रात्री फार घाबरल्यासारखे झाले तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या 14416 या नंबरवर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. चक्कर आली किंवा छातीत धडधडले तर सोमवारची वाट न पाहता वॉर्डनबाईंना उठव.

मेसमध्ये मी तुझ्याशेजारी बसेन. ताटात काय राहिले ते बघणार नाही.

तुझी आई