तोलामोलाचा गडी कुठून आणायचा?

महोदय,

मुष्टियुद्धातले हेवीवेट विजेते सोपे प्रतिस्पर्धी निवडतात, ही ओरड जुनीच. डिसेंबर 1940 पासून तेव्हाचा विजेता जो लुई जवळजवळ दरमहा एकाला लोळवू लागला, तेव्हाही पत्रकारांनी त्या बिचाऱ्यांची टिंगल केली. पण त्याच रांगेतल्या बिली कॉनने तेराव्या फेरीपर्यंत लुईला घाम फोडला! 2019 मध्ये ऐनवेळी बदली आलेल्या, पोट सुटलेल्या अँडी रुईझने विजेत्या अँथनी जोशुआला चारदा खाली पाडले.

दोष गड्यांचा कमी, चार संघटनांच्या विजेतेपदाच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांचा जास्त. जो तो आपला पट्टा कवटाळून बसतो. लेनॉक्स लुईसनंतरचा निर्विवाद विजेता ठरायला 2024 उजाडले. तो विजेता ओलेक्झांडर उसिक टायसन फ्युरीला हरवून निर्विवाद ठरला, तेव्हा 37 वर्षांचा होता.

– एक मुष्टियुद्धप्रेमी वाचक